वाचक विचारतात : सर्वांनी मिळून लिहिलेलं बालपुस्तक, मदतनिधीसाठी

वाचनकट्टा, शाळा, सोसायटी किंवा माजी विद्यार्थ्यांचा गट मिळून मुलांसाठी पुस्तक काढतो आणि विक्रीतून उरलेले पैसे एखाद्या चांगल्या कामाला देतो. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. आमचं मत आधीच सांगतो. मोठी माणसं मदत म्हणून पुस्तक विकत घेतील, पण मूल मदत म्हणून वाचत नाही. त्यामुळे पुस्तक आधी मुलाचं व्हायला हवं आणि गोष्ट लिहायला बसण्याआधी निधीचा हिशेब कागदावर यायला हवा.

आम्ही वाचनकट्ट्यावरचे नऊ जण आहोत. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या ग्रंथालयासाठी पैसे उभे करायचे आहेत. एकच गोष्ट घेऊन प्रत्येकानं एकेक प्रकरण लिहावं असं ठरतंय. जमेल का? — एक वाचक, वाई

जमतं, पण साखळी पद्धतीनं लिहिलेली गोष्ट बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या प्रकरणात भरकटते. प्रत्येकाला नवं पात्र आणायचं असतं, जुन्याचं काय झालं हे कुणी बघत नाही आणि सगळी गाठोडी शेवटच्या लेखकाच्या डोक्यावर येऊन पडतात. नऊ जणांसाठी आम्ही दुसरी रचना सुचवू. जागा एक, पात्रं तीच, पण गोष्टी नऊ आणि प्रत्येक गोष्ट स्वतंत्र पूर्ण होणारी. एकच चाळ, एकच वाडी किंवा एकच एसटी थांबा घ्या. एकाची गोष्ट उशिरा आली किंवा जमलीच नाही, तरी पुस्तक अडत नाही.

वय आधी ठरवा. ‘सर्व वयोगटांसाठी’ असं म्हटलेलं पुस्तक सहसा कुठल्याच वयाला बसत नाही. लांबीचा अंदाज घ्यायला प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या मंचावरचे स्तर उपयोगी पडतात. पहिला स्तर साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरा २५० ते ६००, तिसरा ६०० ते १,५०० आणि चौथा त्यापुढे. आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिणार असाल तर प्रत्येकी ७०० शब्द पुरे. चित्रांसह एका गोष्टीला सहा पानं धरली तर नऊ गोष्टींची ५४ पानं होतात. शीर्षकपान, श्रेयपान, अनुक्रम, संस्थेची माहिती आणि दोन-तीन कोडी धरून ६४ पानं भरतात, म्हणजे सोळा पानी चार फर्मे (फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं). पानांची संख्या नेहमी १६ च्या, निदान ८ च्या पटीत ठेवा. ६६ पानं झाली की दोन पानांसाठी वेगळा तुकडा छापावा लागतो आणि खर्च उगाच चढतो.

लिहायला सुरुवात करण्याआधी दोन पानांची ‘गोष्टीची वही’ तयार करा. तिच्यात पात्रांची नावं, वयं, कपडे, सवयी, कोण कुणाला काय म्हणतं, विहीर घराच्या कुठल्या बाजूला आहे, ऋतू कोणता, हे सगळं लिहा. एका गोष्टीत शेळी तांबडी आणि दुसरीत काळी झाली, तर मोठ्यांच्या लक्षात येणार नाही. मुलाच्या पहिल्या वाचनातच येईल. भाषेचे निर्णयही याच वहीत घ्या. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद पात्राच्या बोलीत ठेवणं सोपं जातं. ‘आजी’ की ‘आज्जी’, ‘केलं’ की ‘केले’, हे एकदाच ठरवा.

संपादक एकच नेमा, आणि त्यानं गोष्ट लिहू नये. शेवटचा शब्द त्याचा, हे सगळ्यांनी पहिल्या बैठकीतच मान्य करावं. नऊ जणांनी मतदान करून वाक्यं दुरुस्त केली की गोष्ट गुळगुळीत होते आणि कुणाचीच राहत नाही. संपादकाला सर्वांत जास्त काम दोन ठिकाणी पडतं. एक म्हणजे शेवट. नवखा लेखक शेवटच्या परिच्छेदात बोध सांगतो, आणि तो परिच्छेद काढला की गोष्ट बहुधा सुधारते. दुसरं, लांबलेली वाक्यं. उदाहरणार्थ : ‘त्या दिवशी सकाळी उठल्यावर खिडकीतून बाहेर पाहिल्यानंतर मंगूच्या असं लक्षात आलं की पाऊस आता थांबलेला आहे.’ याचं ‘मंगूनं खिडकी उघडली. पाऊस थांबला होता.’ एवढं पुरतं. प्रत्येक गोष्ट मोठ्यानं वाचून घ्या. वाचणारा जिथे अडखळतो तिथे खूण करा. मग गटाबाहेरच्या पाच-सहा मुलांना वाचून दाखवा आणि ‘आवडली का?’ असं न विचारता ‘पुढे काय झालं असेल?’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर मूल मध्येच कुठेतरी सुटलेलं आहे.

वेळापत्रक उलटं मोजा. लेखन आणि संपादनाला दहा आठवडे, चित्रांना आठ, मांडणी आणि प्रुफांना तीन, छपाई-बांधणीला तीन. एकूण २४ आठवडे, म्हणजे साडेपाच महिने. १४ नोव्हेंबरच्या बालदिनाला पुस्तक हवं असेल तर मेच्या अखेरीला सुरुवात करून कसंबसं जमेल, पण दिवाळीआधी छापखाने दिवाळी अंकांत गुंतलेले असतात. म्हणून मार्चमध्येच बसलेलं बरं.

बत्तीस पानी रंगीत चित्रपुस्तकाच्या ५०० प्रती काढून १५० रुपये किंमत ठेवली, तर संस्थेला किती देता येतील? — एक वाचक, नाशिक

हा प्रश्न छापायच्या आधी विचारलात हे फार चांगलं केलंत. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावच्या कोटेशनचे आकडे घालून हेच गणित करा.

समजा छपाई आणि बांधणी प्रतीला ७० रुपये, म्हणजे ३५,००० रुपये. चित्रकाराचं मानधन २०,०००, मांडणी ६,००० आणि प्रुफं, नमुना प्रत, किरकोळ मिळून २,०००. एकूण ६३,००० रुपये. ५०० प्रतींतल्या सगळ्या विकायला उरत नाहीत. दहा लेखकांना पाच-पाच, चित्रकाराला दहा, ग्रंथालयांना आणि परीक्षणासाठी दहा अशा ७० प्रती आधीच जातात. उरलेल्या ४३० प्रती थेट, पूर्ण किमतीला विकल्या तर येतात ६४,५००. संस्थेच्या हातात पडतात १,५०० रुपये. त्यातल्या १०० प्रती दुकानातून ४० टक्के कमिशनवर गेल्या तर जमा होतात ५८,५००, म्हणजे ४,५०० रुपयांचा तोटा. सगळ्या प्रती संपल्या, सगळ्यांनी कौतुक केलं आणि तरी पदरचे पैसे गेले, असं होतं ते याच कारणानं.

यावर उपाय म्हणजे चित्रं, मांडणी आणि प्रुफं यांचा २८,००० रुपयांचा खर्च छापण्यापूर्वीच प्रायोजकाकडून किंवा गटाच्या वर्गणीतून उभा करायचा. मग त्याच ४३० प्रतींतून छपाई वजा जाता २९,५०० रुपये उरतात. प्रायोजकाचं नाव मलपृष्ठावर एका ओळीत येऊ द्या, पण गोष्टीच्या पानांवर जाहिरात नको. दुसरा उपाय मराठी प्रकाशकांच्या नेहमीच्या वापरातला आहे : प्रकाशनपूर्व सवलत. १५० चं पुस्तक १२० ला, पैसे आगाऊ. ३०० आगाऊ नोंदण्या झाल्या तर ३६,००० जमा होतात, छपाईचं बिल सुटतं आणि ५०० छापायच्या की १,००० हेही कळतं. ओळखीच्या लोकांनी ‘नक्की घेऊ’ म्हटलेलं धरून प्रतींची संख्या ठरवू नका. पैसे भरलेले तेवढेच मोजा.

प्रतींचा आकडा तीनशेच्या आत असेल तर डिजिटल छपाई बघा. ऑफसेटला प्लेटांचा आणि यंत्र लावण्याचा खर्च एकदाच येतो, त्यामुळे पाचशेच्या पुढे तो परवडू लागतो. मधल्या आकड्यांना दोन्हींचं कोटेशन घ्या. कोटेशनमध्ये आकार, पानं, आतला कागद, मुखपृष्ठाचा कागद, लॅमिनेशन, बांधणी, जीएसटी आणि पोहोच, हे सगळं लेखी असू द्या. बत्तीस पानांना आतून १३० जीएसएम (कागदाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन आणि मधोमध दोन पिना पुरतात. एवढ्या पातळ पुस्तकाला परफेक्ट बाइंडिंग करू नका, कण्याला गोंद धरायला जाडीच नसते आणि पानं सुटतात.

टपालाचाही विचार करा. सव्वासात गुणिले साडेनऊ इंचांचं असं पुस्तक साधारण १२० ग्रॅम भरतं. टपाल खात्याची पुस्तकांसाठीची ज्ञान पोस्ट सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये दर आहे, वर लागू असेल तो कर. हलक्या पाकिटात दोन प्रती त्यात बसतात. पाठवणी कशी होते हे ऑनलाइन बघता येतं, पण वाहतूक जमिनीवरून होते, म्हणून भेट देण्याच्या तारखेआधी पुरेसे दिवस हाताशी ठेवा.

चित्रं आमच्या शाळेतल्या मुलांचीच घ्यायची आहेत. काय काळजी घ्यावी? — एक शिक्षिका, चिपळूण

मुलांची चित्रं असलेली पुस्तकं आम्हाला मनापासून आवडतात, मात्र त्यासाठी साहित्य आधीच नेमून द्यावं लागतं. सगळ्यांना एकाच मापाचा पांढरा चित्रकलेचा कागद द्या आणि चारही बाजूंनी बोटभर जागा मोकळी सोडायला सांगा, कारण कापणीत कड जाते. साध्या पेन्सिलीची रेघ स्कॅनमध्ये पुसट होते, ती काळ्या स्केचपेननं गिरवून घ्या. ऑइल पेस्टल एकमेकांना लागून पसरतात, म्हणून प्रत्येक चित्रावर बटरपेपर ठेवा. चमकणारे निऑन रंग चार रंगांच्या छपाईत मळकट उतरतात, ते टाळलेलेच बरे. मोबाइलनं फोटो काढू नका, पिवळट छटा आणि तिरपे कोपरे शेवटपर्यंत सुटत नाहीत. ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके) स्कॅन करा, चित्र दुप्पट मोठं करणार असाल तर ६०० वर.

चित्राचा हक्क चित्र काढणाऱ्या मुलाचा असतो, शाळेचा नव्हे. अल्पवयीन मुलाला करार करता येत नाही, म्हणून पालकांची लेखी संमती घ्या : कुठलं चित्र, कुठल्या पुस्तकात, छापील आणि ई-पुस्तक दोन्हींत का, समाजमाध्यमांवर दाखवणार का. नाव छापताना पहिलं नाव आणि इयत्ता पुरे. पूर्ण नाव, शाळा, गाव आणि फोटो एकत्र छापू नका. निधी आजारी किंवा निराधार मुलांसाठी असेल तर त्या मुलांचे चेहरे आणि नावं पुस्तकात अजिबात नकोत. त्यांच्याविषयी दया उत्पन्न करून विक्री वाढवणं आम्हाला साफ अमान्य आहे.

मोठ्या वयाचा चित्रकार घेणार असाल तर त्याचं मानधन आधी ठरवा. लेखक चार संध्याकाळी लिहून मोकळे होतात, चित्रकार दोन महिने बसतो. ‘चांगल्या कामासाठीच तर आहे’ म्हणून त्याच्याकडून सगळं फुकट करून घेणं बरोबर नाही. त्याला आपणहून काही सोडायचं असेल तर तो ते सांगेल.

आमच्या आठ लेखकांपैकी एकीनं गट सोडला आणि आता ‘माझी गोष्ट छापू नका’ म्हणते. अक्षरजुळणी झाली आहे. तोडगा काय? — एक वाचक, कोल्हापूर

लेखी काही झालेलं नसेल तर तिचं म्हणणं मान्य करून गोष्ट काढा. कॉपीराइट अधिनियम १९५७ प्रमाणे पहिला हक्क लिहिणाऱ्याचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सही असलेला लेखी कागद लागतो, तोंडी होकार किंवा व्हॉट्सॲप गटावरचा अंगठा पुरत नाही.

इतरांसाठी सांगतो. करारपत्र एका पानाचं असलं तरी चालेल, मात्र पहिला मसुदा यायच्या आधी व्हावं. त्यात गोष्टीचं नाव, कोणते हक्क (छापील, ई-पुस्तक, ध्वनिमुद्रण, अनुवाद, अभिवाचन), किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, मानधन किंवा रॉयल्टी किती आणि ती कुणाला, हे नोंदवा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. संपादनाचा अधिकार, नावांचा क्रम (अकारविल्हे ठेवला की वाद मिटतो) आणि गट सोडल्यास काय, याचीही एकेक ओळ हवी. स्वतंत्र गोष्टींचा संग्रह असेल तर प्रत्येकाचा हक्क आपापल्या गोष्टीपुरता राहतो. कुणी कुठलं वाक्य लिहिलं हे वेगळं काढता येत नसेल, तर ते संयुक्त लेखन ठरतं आणि पुढच्या प्रत्येक निर्णयाला सगळ्यांची संमती लागते. वाईच्या वाचकांना स्वतंत्र गोष्टी सुचवण्यामागे हेही एक कारण आहे.

हक्क थेट संस्थेच्या नावे करायचा पर्यायही आहे. जे. एम. बॅरी यांनी १९२९ साली पीटर पॅनचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले आणि त्याचं उत्पन्न रुग्णालयाला पुढे अनेक दशकं मिळत राहिलं. छोट्या पुस्तकालाही हा मार्ग चालतो, फक्त दुसरी आवृत्ती काढायची जबाबदारी घ्यायला संस्था तयार आहे का, हे आधी विचारा.

आमचा गट नोंदणीकृत नाही. पैसे एका सभासदाच्या खात्यात घेऊन नंतर संस्थेला धनादेश दिला तर चालेल ना? खरेदीदार आयकर सवलतीची, म्हणजे ८०-जीची, पावती मागतात. — एक वाचक, ठाणे

असं करू नका. सभासदाच्या बचत खात्यात आलेली रक्कम कागदोपत्री त्याचं उत्पन्न मानली जाऊ शकते आणि मग चांगल्या माणसावर खुलासे करायची पाळी येते. शिवाय न्यास नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे संस्थेशी आधी लेखी ठरवून पुस्तक तिच्याच नावे प्रकाशित करणं. छपाईचं बिल संस्थेच्या नावे, क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा, विक्रीचा हिशेब संस्थेच्या इतर हिशेबापासून वेगळ्या वहीत. असं पत्र न घेता एखाद्या संस्थेचं नाव किंवा बोधचिन्ह मुखपृष्ठावर छापू नये.

८०-जीबद्दल : पुस्तकाची किंमत ही देणगी नाही, ती वस्तूची किंमत आहे. १५० रुपये देऊन पुस्तक घेतलं तर त्याची दानपावती मिळत नाही. कुणी वर ५०० रुपये संस्थेला दिले तर त्या ५०० ची वेगळी पावती मिळू शकते, अर्थात संस्थेकडे मान्यता असेल तर. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ही सवलत लागू होत नाही. आणि पुस्तकावर ‘सर्व रक्कम मदतीसाठी’ असं लिहू नका, कारण छपाईचा खर्च त्यातूनच जातो. ‘खर्च वजा जाता उरलेली रक्कम अमुक कामासाठी’ असं लिहा आणि सहा महिन्यांनी हिशेब जाहीर करा : किती छापल्या, किती विकल्या, किती उरल्या, किती दिले.

मजकूर मोबाइलवर नीट दिसतो, पण छापखान्यातून आलेल्या प्रुफात वेलांट्या उड्या मारतात, जोडाक्षरं तुटतात. — एक वाचक, लातूर

दोन कारणं असतात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावरच्या प्रमाण लिपिसंकेतात, आहे आणि छापखान्यानं तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला, हे एक. अशा बदलात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲ’, ‘द्ध’, ‘ह्म’, अवतरणचिन्हं आणि आकडे आधी बिघडतात, तेवढे शोधून तपासा. दुसरं, मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कम्पोझर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू नाही. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कम्पोझर निवडला की ऱ्हस्व वेलांटी जागेवर येते. ‘मुक्त’ (Mukta), ‘बालू’ (Baloo) यांसारखे खुल्या परवान्याचे युनिकोड फॉन्ट वापरले तर बदलण्याची गरजच उरत नाही.

मजकुराचा काळा रंग एकाच शाईचा, १०० टक्के काळा, असा करायला सांगा. चार शाया मिसळून केलेला काळा जरा सरकला की शिरोरेखेला लाल-निळी किनार दिसते. रंगीत चित्र पानाच्या कडेपर्यंत जात असेल तर ३ मिलिमीटर जास्तीचं ठेवा आणि अक्षरं कडेपासून निदान १० मिलिमीटर आत. मुद्रितशोधन मांडणीनंतर करा, आणि ज्यांनी गोष्टी लिहिल्या त्यांच्याकडून नको. त्यांना पानावर स्वतःच्या मनातलं वाक्य दिसतं.

आम्ही परदेशातलं महाराष्ट्र मंडळ आहोत. आमच्या मुलांनी लिहिलेलं पुस्तक इथे विकून पैसे महाराष्ट्रातल्या संस्थेला पाठवायचे आहेत. — मंडळाच्या एक कार्यकर्त्या

पाठवण्याआधी संस्थेकडे विदेशी देणगी कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी आहे का ते विचारा. परदेशात नोंदलेलं मंडळ आणि परदेशी नागरिकत्व घेतलेली व्यक्ती हे दोन्ही विदेशी स्रोत ठरतात, मग माणसं मूळची पुण्याची असोत की पणजीची. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयानं स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी त्यात येत नाही. नोंदणी नसेल तर पैसे स्वीकारून संस्थाच अडचणीत येते. अशा वेळी नोंदणी असलेली दुसरी संस्था निवडा.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) घ्यायलाच हवा का? किती खर्च येतो? — एक वाचक, नागपूर

शाळेच्या स्नेहसंमेलनात विकायच्या पुस्तिकेला गरज नाही. दुकानं, ग्रंथालयं आणि ऑनलाइन विक्रीसाठी घ्या. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि शुल्क नसतं. दलालांना पैसे देऊ नका. छापील आणि ई-पुस्तकाला वेगवेगळे क्रमांक लागतात, बदल न केलेल्या पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही. अर्ज छपाईच्या आधी काही आठवडे करा, म्हणजे बारकोड मलपृष्ठावर छापता येईल. नंतर चिकटवलेला कागद दुकानात निघून येतो. प्रकाशनानंतर ३० दिवसांत १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांना एकेक प्रत प्रकाशकानं स्वखर्चानं पाठवायची असते. भेटप्रती मोजताना या चार विसरू नका.